आरसा शाबूत

तोंडावर सगळे त्याला मामा म्हणत आणि पाठ वळली की ‘फुंकू नका’. हे बिरूद त्यानं स्वतःच कमावलं होतं. नवा शास्त्रज्ञ असो की पाहणीला आलेला मोठा साहेब, काचेजवळ तोंड नेऊन कुणी गाल फुगवले, की मामा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडे, “फुंकू नका!” फुंकरीत थुंकी असते, थुंकीचा बारीक थेंब आरशावर बसतो, आणि त्यावर लेझरचा झोत पडला की तिथं जळका फोड येतो. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला तिनं मेणबत्त्यांपुढं गाल फुगवले, तेव्हाही त्याच्या तोंडून हेच निघालं होतं. पोरगी दचकून रडायला लागली आणि पाहुणे हसून हसून बेजार.

मामा आरसे पुसायचा. सव्वीस वर्षं, दुसरं काही नाही. उडत येणारं क्षेपणास्त्र प्रकाशाच्या झोतानं जाळता येईल का, याच्या मागं ती प्रयोगशाळा हात धुऊन लागली होती. झोत तयार करणारे वेगळे, नेम धरणारे वेगळे. मामाच्या वाट्याला जेवणाच्या ताटाएवढा एक आरसा, जो झोताला निशाण्याकडं वळवी. पातळ कागदावर औषधाचा थेंब टाकायचा, कागद काचेवर ठेवायचा, एकाच दिशेनं अलगद ओढायचा आणि फेकून द्यायचा. तोच कागद पुन्हा फिरवायचा नाही. पहिल्या खेपेला उचललेला कण दुसऱ्या खेपेला ओरखडा काढतो. घरी बायकोचा चष्माही तो असाच पुसायचा.

“अहो, द्या तो इकडं,” ती म्हणे. “तुमचं पुसून होईपर्यंत माझी भाजी करपते.”

चाचणी झाली की बाकीचे निशाण्याकडं धावत, मामा आरशाकडं. बॅटरी तिरपी धरून तो बोट-बोट जागा तपासायचा आणि मग वहीत लिहायचा : ‘आरसा शाबूत. चाचणी यशस्वी.’ पहिलं वाक्य हे त्याचं काम होतं. दुसरं लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण कुणी खोडलंही नव्हतं, त्यामुळं मामाला ते खरंच वाटत आलं होतं.

मुलगी लग्न होऊन समुद्राकाठच्या गावात गेली होती. तिथल्या शाळेत शिकवायची, नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर. त्या वर्षी पलीकडच्या देशाशी बिनसलं. दोन क्षेपणास्त्रं समुद्रात पडली आणि गावातली निम्मी घरं कुलपं लावून निघून गेली. जावयाला आतल्या भागात बदली मिळत होती, फक्त शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

“हॅलो, फुंकू नका बोलताय का?” मुलीनं फोनवर नेहमीसारखंच विचारलं. मग आवाज उतरला. “बाबा, खरं सांगा. जाऊ की राहू? शाळा सोडवत नाही हो. पण तुमचा तो दिवा तयार नसला, तर निघतो आम्ही.”

कामाबद्दल घरी बोलायला बंदी होती. तशी सही घेतली होती. पण घरात ‘बाबांचा दिवा’ सगळ्यांना ठाऊक होता, कारण बढाई मारायला सही कधी आड येत नाही.

“गुरुवारी चाचणी आहे,” मामा म्हणाला. “संध्याकाळी सांगतो.”

गुरुवारी सकाळी हवा स्वच्छ होती. झोत पाच सेकंद सुटला, लांबवरच्या पत्र्याला भोक पडलं, टाळ्या वाजल्या. मामानं बॅटरी लावली. एक डाग नाही! संध्याकाळी त्यानं फोन केला. “जमलं गं. आरसा असा लख्ख, की बस्स. राहा बिनधास्त.”

शुक्रवारी जावयानं बदलीला नाही कळवलं.

सोमवारी चहाच्या वेळी मामानं मोजमापं घेणाऱ्या बाईंना बिस्किट पुढं केलं. “काय बाई, आता गावंच्या गावं वाचणार!”

बाई चांगल्या होत्या. म्हणून हसल्या नाहीत. “कुठली गावं, मामा?”

“का? भोक पडलं की.”

“पत्रा जागेवर ठोकलेला होता. दोन किलोमीटरवर. क्षेपणास्त्र काय उभं राहणार आहे, घ्या, जाळा म्हणून?” बाईंनी कप खाली ठेवला. “लहानपणी भिंगानं कागद जाळलाय ना? हात हलला की ठिपका सरकतो. आपल्याला तोच ठिपका शेकडो किलोमीटरवर, पळत्या वस्तूवर, हलू न देता धरायचाय. ते वर चढताना इंजिन जळतं दोन-चार मिनिटं, तेवढ्यात. आणि खाली येताना तर त्याचं टोक हवेत नुसत्या वेगानं लाल होतं, तरी टिकतं. त्याला आपल्या दिव्याचं काय?”

“पण आरसा तर स्वच्छ होता.”

“आरसा स्वच्छच असतो, मामा, तुम्ही असताना. हवा कोण पुसणार? ढग आला की खेळ खल्लास. ढग नसला तरी झोतानंच वाटेतली हवा तापते आणि झोत फाकतो. जवळची, हळू उडणारी छोटी यंत्रं पाडू कदाचित. बाकीचं... माझ्या नोकरीत तरी नाही.”

मामाचा चहा तसाच राहिला. सव्वीस वर्षं तो चाचणीकडं पाठ करून चाचणी बघत होता.

त्यानं अंगणात उभं राहून फोन लावला. सही-बिही गेली खड्ड्यात.

“निघ तिथून. आजच्या आज.”

“अहो बाबा, तुम्हीच तर म्हणालात लख्ख...”

“आरसा लख्ख आहे गं. त्याच्या पुढचं मला काही कळत नव्हतं. मी उगाच बोललो. ढग आले की दिसतसुद्धा नाही त्याला.”

ती हसली, बापाला बरं वाटावं म्हणून हसतात तशी. “इथं तर कडक ऊन पडलंय. बरं, रागावू नका. परीक्षा शनिवारी संपतायत. रविवारी तुमच्या दारात. आईला सांगा, चष्मा लपवून ठेव.”

शनिवार, मामानं मनात मोजलं. पाच दिवस. पाच दिवसांत काय होतंय, असं म्हणून त्यानं पुढं ताणलं नाही. ताणायला हवं होतं.

गुरुवारी पहाटेच ढग उतरले. क्षेपणास्त्र तिच्या गल्लीत पडलं. जावई पंपावर होता, म्हणून वाचला. दिवा इथंच होता, खोलीतल्या जमिनीला बोल्टांनी आवळलेला; एका ट्रकातही मावला नसता.

जावई भेटायला आला तेव्हा ‘दाराशी तिची भरलेली बॅग होती’ एवढंच म्हणाला. ‘तुम्ही राहा म्हणालात’ हे त्यानं तोंडातून काढलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर मामाला जरा सोसलं असतं. बायको चष्मा आता पदरानंच पुसते आणि मामा दुसरीकडं बघतो.

महिन्याभरानं पुन्हा चाचणी झाली. स्वच्छ हवा, ठोकलेला पत्रा, भोक, टाळ्या. मामानं बॅटरी तिरपी धरून आरसा पाहिला आणि वहीत लिहिलं : ‘आरसा शाबूत.’ पेनाला टोपण लावलं.

“मामा, दुसरी ओळ राहिली,” साहेब म्हणाले.

“ती माझी नाही, साहेब.”

साहेबांनी वही आपल्याकडं ओढली, ती ओळ स्वतःच लिहिली आणि खाली सही केली.