उलट पोहणारा तवंग

सुनेत्राताईंच्या मिडटर्मच्या पेपरात तेलाचा तवंग प्रवाहाविरुद्ध पोहत गेला, तो माझ्यामुळे.

आम्ही एकाच बिल्डिंगमधले; ऑफिस सुटल्यावर मी त्यांना गणित शिकवतो. प्रश्न सरळ होता. पाणी एका वेगानं पूर्वेला वाहतंय, थोड्या वेळानं तवंग कुठे असेल? समीकरणाचं फूरिए रूपांतर केलं की डेरिव्हेटिव्हच्या जागी साधा गुणाकार येतो. तो सोडवायचा आणि उलट रूपांतरानं परत यायचं. गुणाकारातलं चिन्ह मी त्यांना माझ्या सोलापूरच्या कॉलेजातल्या पुस्तकातून घोकून दिलं. त्यांच्या शारजातल्या पुस्तकात ते नेमकं उलटं धरतात. म्हणजे जाताना आमचा रस्ता, येताना त्यांचा. उष्णतेच्या गणितात डेरिव्हेटिव्ह दोनदा असतं, मायनसचा वर्ग होऊन पाप झाकलं जायचं. इथे एकदाच होतं.

"मास्तर, तुमच्या गावाला, परांड्यात, पाणी चढाला वाहतं का हो?"

"ताई, परांड्यात पाणीच नाही, दिशा कुठली!"

त्या हसल्या नाहीत. लग्नात सुटलेली डिग्री त्या शारजात संध्याकाळच्या कॉलेजात पुरी करत होत्या. हा पेपर दोनदा गेलेला. फायनलला भरून काढलं नाही, तर कोर्समधून नाव खलास.

बसून अभ्यास हा प्रकार या बाईंना ठाऊकच नाही. मोहरी तडतडेपर्यंत एक इंटिग्रेशन, मशीन फिरेपर्यंत दुसरं. आता तर कागद हातात घेऊन बिल्डिंगसमोरच्या अल मजाजच्या लगूनभोवती, त्या खाऱ्या तळ्याभोवती, फेऱ्या सुरू झाल्या. बिल्डिंगचा वॉचमन लियाकत मागे धावला, "मॅडम, कुछ खो गया?"

"हाँ, मायनस!"

घरी लेक सान्वी म्हणाली, "मम्मा, चिल. इट्स जस्ट वन साइन."

"बाबांच्या पगाराला लाव तो मायनस, मग चिल होते."

फायनल झाली आणि ऑफिसात मला ताईंचा फोन आला. "तवंगच आला रे मेला! पाणी पश्चिमेला होतं."

"मग?"

"गेला पश्चिमेलाच. पण तुझ्याच चिन्हानं सोडवलं. जातानाही तुझं, येतानाही तुझं. वर तसं लिहून ठेवलंय. तेच डोक्यात घट्ट बसलेलं, ऐन वेळी रस्ता बदलायची हिंमत झाली नाही. कापतील का रे मार्क?"

"उत्तर बरोबर आहे ना!"

"मी विचारलं काय, तू सांगतोस काय!"

निकालापर्यंत त्यांनी लगूनला इतक्या फेऱ्या मारल्या की लियाकतही सोबत चालू लागला. पास झाल्या, जेमतेम. त्याच संध्याकाळी माझ्या दारात स्टीलच्या डब्यात गरम अळूवड्या आल्या. "पुढच्या सेमिस्टरला लाप्लासचं रूपांतर आहे," एवढं बोलून त्या जिन्यानं निघाल्या. लिफ्टची वाट बघणं त्यांना जमत नाही.

अळूवड्या तेव्हाच संपल्या. पण डबा रिकामा परत करू नये, हे परांड्यातही शिकवतात, आणि मला अंड्यापलीकडे काही येत नाही. ताई अंडं खात नाहीत.

परवा सान्वीनं बेल वाजवली. "मम्मा इज आस्किंग अबाउट द डबा."

"इन्शाल्ला, उद्या," मी म्हणालो. डबा अजून माझ्याकडेच आहे.