नर्सरीवाल्याचं बोट

अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की, आमच्या नव्या फ्लॅटमधल्या सहा झाडांपैकी पाच निवर्तली. सहावं तरी वाचावं म्हणून मी राजापेठेतल्या नर्सरीवाल्याला घरी आणलं. हा गृहस्थ माणसाशी बोलतानाही झाडाकडेच बघतो. त्यानं कुंडीच्या मातीत बोट खुपसलं आणि वैद्य नाडी बघतो तसे डोळे मिटले.

"पाणी किती बार देता?"

"कूलरमधी टाकतो तवा यालेबी टाकतो. दिवसातून चार बार."

"भाऊ, हे झाड हाये, म्हैस नाई."

एवढं बोलून तो कुंडी काखेत मारून निघाला. "वाचलं त आणून देईन. तुमच्यापाशी मरते हे."

मी गयावया करत जिन्यापर्यंत गेलो. मागून बायको माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "भाऊ, झाड राहू द्या. उन्हाळाभर यायलेच घेऊन जा."