सोडामावशींचं फडताळ

नव्या घरात गेलेली बाई देवघर बघते, खिडकी बघते. शेजारच्या सोडामावशी थेट स्वयंपाकघरात शिरायच्या, फडताळाच्या दारावरून बोट फिरवायच्या आणि ते काळं, चिकट बोट घरच्या बाईच्या नाकासमोर धरायच्या. माझ्याही धरलं. साताऱ्याहून लग्न होऊन जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टरात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मला त्यांचा असा राग आला म्हणता!

लढाईचे दिवस होते. फॅक्टरी रात्रंदिवस चालायची, ह्यांचा ओव्हरटाइम संपत नव्हता, खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद. आपण काही इथे राहायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आईनं दिलेली भांडी ट्रंकेतून काढलीच नव्हती. मावशींच्या नजरेतून ती ट्रंक सुटते थोडीच!

"भांडी काहून नाही लावून राहिली?"

"ह्या फडताळात? नवं कपाट घेऊ तेव्हा लावीन."

"नवं काहून पायजे? जुन्याला तोंड धुवायला लाव. चलो, पाणी ठेव गरम."

कढत पाणी आणि धुण्याचा सोडा यांवर त्यांची देवाइतकी श्रद्धा होती. नाव त्यावरूनच पडलेलं. मी घाईनं रंगाचा ब्रश उचलला तर हातावर चापट बसली. "आधी तोंड धू, मग पावडर लाव!" सोड्यानं धुराची काजळी आणि तेलकटपणा निघाला, मग पॉलिशपेपरनं घासघास घासलं. रंग आमच्या क्वार्टरांच्या लाईनीतल्या घराघरातून उरलेला आणला, कुणाच्या सायकलीचा हिरवा, कुणाच्या पाळण्याचा पिवळा, कुणाच्या दाराचा पांढरा. सगळा एका डब्यात ढवळला. जो निघाला त्याला नाव नव्हतं, पण दिसायला गोड होता. तुटक्या मुठींच्या जागी दोऱ्याची रिकामी लाकडी रिळं बसली.

रंग वाळल्यावर त्यांनीच ट्रंक उघडली. प्रत्येक भांड्यावर आईनं माझं माहेरचं नाव कोरून घेतलं होतं. मावशी एकेक भांडं हातात घेऊन मोठ्यानं वाचत होत्या, "कुसुम... कुसुम..." सासरी नाव बदललेलं, जबलपुरात मला त्या नावानं कोणी ओळखत नव्हतं. मी ढसाढसा रडले आणि भांडी लावली. पुढे साऱ्या लाईनीत त्या एकट्याच मला कुसुम म्हणायच्या.

लढाई संपली, मावशींचे यजमान रिटायर झाले. मी सामान बांधायला गेले. एरवी त्या आम्हाला बाहेरच्या खोलीतच बसवायच्या, त्यामुळे त्यांचं फडताळ मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. काळंकुट्ट, चिकट. आत रोजच्यापुरती चार भांडी. बाकी सगळी ट्रंकेत.

"मावशी, अहो, तुमचंच?"

त्या ट्रंकेवर बसल्या. "मी पण तुझ्यासारखीच आली होती. दरसाल वाटे, आता नागपूरकडे बदली होईल. रंगवलं असतं तर इथलीच झाली असती ना! सारा जन्म पाहुणी राहिली मी, पोरी. तुझी ट्रंक पाहिली अन् जीव घाबरला माझा."

मी उठून स्टोव्हवर पाणी ठेवलं.

"आता काहून? संध्याकाळी गाडी आहे."

"असू द्या. सोडा कुठे आहे?"

यजमान दारात घड्याळ दाखवत राहिले आणि आम्ही दोघी फडताळ घासत राहिलो. लाईनीतून पुन्हा उरलासुरला रंग मागून आणला, त्याचा एक हात कसाबसा झाला. स्टेशनवर मावशींच्या नखांत तो रंग तसाच होता. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून ओरडल्या, "कुसुम, दुसरा हात राहिला गं!"

दुसऱ्या दिवशी मी त्या रिकाम्या घरात गेले आणि तो दिला.