मालवणच्या प्रायव्हेट बोटीचं प्लॅनिंग

मला पोहता येत नाही, ही गोष्ट लग्नानंतरची बारा वर्षं अख्ख्या कोल्हापुरात फक्त एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माणूस मी होतो.

शाहूपुरीत पाण्याच्या पंपांच्या दुकानात मी विक्रीला होतो. दिवसभर गिऱ्हाइकाला 'विहीर किती खोल? पाणी किती?' असं विचारायचं आणि स्वतः मात्र विहिरीच्या काठापासून चार हात लांब उभं राहायचं, असा माझा धंदा. त्यात बायको मिळाली पंचगंगेकाठची! त्या गावात पोरं आधी पोहतात आणि मग चालायला लागतात. (हे मला सासूबाईंनी अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगितलंय.) मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. चहाची बशी खाली ठेवून एकच प्रश्न टाकला.

"पावणं, पवायला येतं न्हवं?"

समोर पोह्यांची ताटली घेऊन शालन उभी होती. मी तिच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणालो, "व्हय की! झ्याक येतं!"

झालं. सासऱ्यांनी तिथंच सुपारी फोडायचं ठरवलं आणि गावभर सांगत सुटले, 'जावई पट्टीचा पोहणारा हाय!' पुढची बारा वर्षं मी सासुरवाडीला गेलो की कधी मला सर्दी असायची, कधी कान फुटलेला असायचा, तर कधी नुकतंच जेवण झालेलं असायचं. एकदा तर मी सलग तीन दिवस नुकताच जेवलेला होतो.

अशात मेव्हण्याचं पत्र आलं. दिनकर, शालनचा धाकटा भाऊ, आखातात तेलाच्या कंपनीत पाणबुड्या होता. समुद्राच्या तळाला जाऊन नळ दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. पत्रात लिहिलं होतं, 'दाजी, मी सुट्टीवर येतोय. पाण्याखाली श्वास घ्यायची दोन नळकांडी घेऊन येतो. मालवणला आपण एक प्रायव्हेट बोट ठरवू. तुम्ही, अक्का आणि मी. रंगीत मासे, प्रवाळ, सगळं दाखवतो. तुमच्यासारख्या पट्टीच्या पोहणाऱ्याला दोन दिवसांत जमंल. बोटीचं सगळं प्लॅनिंग तुमच्याकडं!'

शालननं पत्र तीन वेळा वाचलं. तिचा चेहरा असा फुलला होता, की मला दरदरून घाम फुटला.

"अवो, जाऊया की! मी तर बोटीत बसून तुमास्नी बघीन!"

आता नको म्हणावं तर कारण काय सांगायचं? समुद्राला सर्दी झालीय म्हणून? रात्रभर विचार केला आणि सकाळी दाढी करताना युक्ती सुचली. बोट प्रायव्हेट आहे ना? मग ती प्रायव्हेट राहूच द्यायची नाही! इतकी माणसं गोळा करायची की दिनकरनं वैतागून बेतच रद्द केला पाहिजे. आणि कोल्हापुरात माणसं गोळा करायला काय लागतं? 'चला की!' म्हटलं की पुरे.

पहिला गाठला शेजारचा हुसेनभाई. पत्र्याचे डबे, बादल्या बनवायचं त्याचं दुकान.

"हुसेनभाई, मालवणला बोट ठरवतोय. प्रायव्हेट."

"प्रायव्हेट म्हंजे काय वो अण्णा?"

"म्हंजे बाहेरचं कुणी न्हाय."

"मग आमी काय बाहेरचं हाय?" हुसेनभाईनं हातोडी खाली ठेवली. "धरा आमास्नी पाच जण!"

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तिथून तालमीत गेलो. बापू वस्ताद पैलवानांना जोर काढायला लावून स्वतः दूध पीत बसले होते. त्यांना 'बोट' एवढंच सांगितलं.

"बोटीत रस्सा शिजवायची सोय हाय न्हवं?" वस्तादांचा पहिला प्रश्न.

"बघू की."

"बघू न्हवं, करूया! बकरं कापून न्यायचं का जित्तं?"

"वस्ताद, बोट लहान हाय. येवढ्या वजनानं आडवी व्हईल."

"आडवी झाली तर उभी करूया की! पंधरा पैलवान काय बघत बसत्यात व्हय?"

तीन दिवसांत यादी एकतीस माणसं आणि दोन बकऱ्यांवर गेली. मी इतका खूश होतो की दुकानात एका गिऱ्हाइकाला पंपाबरोबर मालवणचं आमंत्रण देऊन टाकलं. (तो आणि त्याची बायको धरून तेहेतीस.)

दिनकर आला. मी तोंड पाडून यादी त्याच्या हातात दिली.

"काय करणार दिनकरराव, लोक ऐकंनात. बेत रद्दच करूया आता."

"रद्द?" दिनकर यादी वाचून हसत सुटला. "अवो दाजी, काय माणसं जोडलीयासा तुमी! बोट कशाला, मासेमारीची मोठी लाँचच घेऊया की! माझ्या वळखीचा हाय येक मालवणात." मग जरा थांबून म्हणाला, "फकस्त येक अट. पाण्यात उतरणाऱ्याला पवायला आलं पायजे. मी सगळ्यांची परीक्षा घेनार."

दिनकरला भेटायला आलेल्या वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "आयतवारी सकाळी, माझ्या मळ्यातली हीर! आन पयला मान दाजींचा!"

म्हणजे मी माझी फजिती टाळायला गेलो आणि तिला तेहेतीस साक्षीदार जमवून बसलो!

रविवारपर्यंत तीन दिवस होते. पहिल्या दिवशी मी लंगडलो. शालननं पाय चोळून दिला आणि पाय बरा झाला, कारण तो बराच होता. दुसऱ्या दिवशी ताप यावा म्हणून काखेत कांदा धरून झोपलो. ताप आला नाही. शालन वास घेत म्हणाली, "आज दुकानात भजी आनल्ती व्हय? आमास्नी न्हाय आनली ती?" तिसऱ्या दिवशी मी देवाला नवस बोलायला गेलो, तर तिथं हुसेनभाई भेटला आणि म्हणाला, "अण्णा, उद्या दावाच तुमचा हिसका!"

रविवारी मळ्यात जत्रा भरली होती. विहीर तीन पुरुष खोल, पाणी नितळ, तळातली खापरीसुद्धा दिसत होती. पैलवान धडाधड उड्या मारत होते. हुसेनभाईला तर पोहायचीही गरज पडली नाही. पोटावर हात ठेवून तो नुसता तरंगला. मी 'आधी पाव्हण्यांना, आधी पाव्हण्यांना' करत स्वतःची पाळी शेवटाला नेऊन ठेवली. पण शेवट आलाच.

"दाजी, या!"

मी एकेक पायरी मोजत उतरू लागलो. तेवढ्यात खालच्या पायरीवर दिनकरनं सगळ्यांना दाखवायला आणून ठेवलेलं ते नळकांडं दिसलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हे बांधल्यावर पोहायचंय कुठं? नुसतं बुडायचंय! आणि बुडण्याच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती.

मी छाती काढून ओरडलो, "साधं पवून काय दावायचं? मी नळकांडं बांधूनच उतरतो!"

वर टाळ्यांचा कडकडाट! दिनकरनं माझ्या पाठीला नळकांडं बांधलं, कमरेला शिशाचा पट्टा आवळला, तोंडात रबरी नळी दिली. "दाजी, तोंडानं सास घ्या. पायरी सोडू नगा. मी माझं नळकांडं बांधतो, मग दोघं संगं उतरू."

मी पायरी सोडली नाही. पायरीवर शेवाळ होतं, त्यामुळं पायरीनंच मला सोडलं.

खाली गेलो तो थेट तळाला. श्वास चालू होता, बुडबुडे वर जात होते. क्षणभर फार बरं वाटलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच मी पाण्यात होतो आणि मला कुणी 'पवायला चला' म्हणत नव्हतं! मग लक्षात आलं, की आता वर यायचंय. आणि वर कसं यायचं, ते ना मला येत होतं, ना त्या शिशाच्या पट्ट्याला.

मी जीव खाऊन हात हलवले. वरून तेहेतीस जणांनी हात हलवले!

पुढचं मला हुसेनभाईनं नंतर सांगितलं. काठावर वस्ताद म्हणत होते, "बघा पोरांनो, ह्येला म्हंत्यात दम! कसा निवांत हुबा हाय तळाला!" मी दोन्ही हात जोडून विनवणी केली, तर हुसेनभाई म्हणाला, "नमस्कार करत्यात! घ्या नमस्कार घ्या!" आणि सगळ्यांनी मला उलटा नमस्कार केला. दिनकर बिचारा एका पायात रबरी पंजा घालून दुसरा शोधत होता.

तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. वरच्या काठावरून कासोटा खोचून कुणीतरी सूर मारला होता. मला आधी हिरवं लुगडं दिसलं आणि मग शालन! तिनं माझ्या केसांना धरलं, दोन पाय मारले आणि शिशाच्या पट्ट्यासकट मला पायरीवर आणून आपटलं.

मी नळी थुंकून टाकली आणि म्हणालो, "मला पवायला येत न्हाय. कंदीच येत न्हवतं."

मला वाटलं, आता ही बोलणार, आणि सगळ्यांदेखत बोलणार. शालन निथळत पायरीवर बसली. लुगड्याचा पदर पिळत राहिली.

"बारा वर्सं," ती शेवटी म्हणाली. "बारा वर्सं म्हायेराला जाऊन मी पाण्यात पाय घातला न्हाय. आई म्हनालती, नवरा पट्टीचा हाय, त्येच्याफुडं पवू नगंस, त्येला कमीपणा वाटंल! आन हितं तुमी..."

मला त्या क्षणी खरंच फार वाईट वाटलं. बुडालो तेव्हा इतका गुदमरलो नव्हतो. स्वतःची लाज झाकायला मी एक थाप मारली, आणि त्या थापेपायी या बाईनं आपलं सगळ्यात आवडतं सुख गुपचूप सोडून दिलं होतं. मी म्हणालो, "शालन, चुकलं माझं." तिनं माझ्या केसात अडकलेलं शेवाळ काढलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि एकदम फस्सकन हसली. मग विहीरच हसायला लागली. वस्ताद तर हसता हसता परत पाण्यात पडले.

"दिनकर," शालन उठली, "ते दुसरं नळकांडं मला बांध."

मालवणचा बेत ठरल्याप्रमाणं पार पडला. लाँच निघाली, रस्सा शिजला, पैलवानांना बोट लागली आणि पंधराच्या पंधरा जण कठड्याला धरून ओकले. शालन भावाचा हात धरून समुद्राच्या तळाला जाऊन आली. वर आली तेव्हा नुसती हातानं माशांचे आकार दाखवत होती आणि हसत होती. एकदा, दोनदा, तीनदा गेली. मी लाँचच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या पाण्यापासून सारख्या अंतरावर बसलो होतो. हुसेनभाईनं खास माझ्यासाठी झाळून हवाबंद करून आणलेला मोठा पत्र्याचा डबा माझ्या पाठीला आवळून बांधलेला होता.

लाँच हाकणारा तांडेल बराच वेळ माझ्याकडं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"सायबानू, तुमी उतरूचास नाय?"

"न्हाय," मी मान ताठ करून म्हणालो. "माझ्याकडं प्लॅनिंग हाय."

"मगे पाठीक हो डबो कित्याक?"

"त्यो," मी म्हणालो, "प्लॅनिंग चुकलं तर!"