तारीख सांगायची नाही

जेलमध्ये सकाळ उशिरा येते. बाहेर दारव्ह्याकडून येणाऱ्या जीपांच्या टपांवर ऊन चमकत असतं, आणि आत अजून निळसर अंधार असतो, कारण उन्हाला आधी भिंत चढून यावं लागतं. मी सहा वर्षं जेलची नर्स होते. कुठल्या जेलची ते सांगत नाही. हिवाळ्यात शेजारच्या जिनिंगमधून कापसाचे बारीक तंतू भिंतीवरून उडत यायचे आणि माझ्या खोलीसमोरच्या कडुनिंबाखाली सावकाश उतरायचे. गोळ्यांचा ट्रे हातात धरून मी ते बघत उभी राहायचे. मागून शिपाई म्हणायचा, "बाई, उभ्या उभ्या झोपल्या काय?"

झोपत नव्हते. पण आता त्या सकाळी आठवल्या की स्वप्नात पाहिल्यासारख्याच वाटतात. माणसं दिसतात, आवाज जरा लांबून येतो.

एरवी मी कसली स्वप्नाळू! राग माझ्या नाकावरच बसलेला. कैदी मला टरकून असत, शिपाईसुद्धा. आणि नियमाच्या बाबतीत तर मी कोणाचंच ऐकत नसे.

त्यातला एक नियम असा, की बाहेरच्या दवाखान्यात न्यायची तारीख कैद्याला सांगायची नाही. आधी कळली तर तो घरी निरोप धाडेल, कोणी वाटेत गाठेल, पळवून नेईल. तारीख साहेबांना, कारकुनाला आणि मला, एवढ्या तिघांनाच ठाऊक. हा नियम मला पटायचा. आजही पटतो. भानगड एवढीच, की ऑपरेशनला माणूस उपाशीपोटी न्यावा लागतो, आणि उपाशी राहा हे सांगायचं काम माझं. त्यामुळे "बाईनं उपाशी ठेवलं म्हंजे उद्या गाडी" हे अख्ख्या बराकीला पाठ झालं होतं. साहेब म्हणाले, यावर काहीतरी काढा.

मग मी शक्कल लढवली. ज्याचं ऑपरेशन ठरलंय त्याला मधूनमधून उगाचच उपाशी ठेवायचं. रक्त तपासायचंय म्हणून सांगायचं. म्हणजे खरा दिवस कोणता ते कोणाच्या बापाला कळणार नाही. साहेबांनी शाबासकी दिली. मी दोन दिवस हवेत होते.

त्याच हिवाळ्यात काका आले. ढाणकीच्या बाजारात दोर आणि कासरे वळून विकायचे. साठीच्या पुढचे, हडकुळे. गुन्हा काय होता ते मी विचारलं नाही. गोळी देणाऱ्या हाताला ते माहीत नसलेलंच बरं, असं मी मानते. भिंतीला टेकून बसले की त्यांची बोटं हवेतच दोर वळत राहायची, आणि मला कितीदा तरी तो दोर दिसल्यासारखा वाटायचा.

काकांना हर्निया होता. जांघेत लिंबाएवढी गाठ, खोकले की मोठी व्हायची. आडवं पडून दाबली की आत जायची. जात होती तोवर ठीक होतं. पण एखाद्या दिवशी आतडं तिथंच अडकलं, तर माणूस काही तासांत हातचा जातो. हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं.

"मंग कधी करता, बाई?" त्यांनी विचारलं.

"होईल लवकर," मी म्हटलं.

पहिल्यांदा उपाशी ठेवलं तेव्हा तारीख खरी होती. पण पोलीस गार्ड कुठल्याशा बंदोबस्ताला गेला आणि गाडी आलीच नाही. दुसऱ्यांदा माझी शक्कल. तिसऱ्यांदाही माझी शक्कल. चौथ्यांदा गाडी आली, मीही सोबत गेले. टेबलावर घ्यायच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"पोहे," काका म्हणाले. "थोडेच."

भरल्या पोटी भूल देत नाहीत. अन्न वर येऊन श्वासात गेलं तर माणूस गुदमरतो. डॉक्टरांनी कागद परत केला आणि दीड महिन्यानंतरची तारीख दिली.

परतताना गाडीत मी काकांवर हवं तितकं तोंडसुख घेतलं. एवढं सांगून ठेवलं होतं, कळत नाही का, जिवाशी खेळ आहे का हा. ते खिडकीच्या जाळीतून बाहेर बघत होते. माझा दम संपल्यावर म्हणाले, "बाई, तुमी तीन बारीनं उपाशी ठेवलं. तिन्ही बारीनं कोनी आलं नाई. मले वाटलं, आजबी तसंच."

आवाजात राग अजिबात नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की जेल येईपर्यंत मी मान वर केली नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी गाठ आत जाईना. काकांना आडवं करून पायांखाली घोंगड्यांची चवड ठेवली, आणि मी जवळ बसून राहिले. गाडीसाठी निरोप गेला होता. दारातून कापसाचे तंतू आत येत होते. तासाभरानं गाठ हळूच आत गेली. काकांनी डोळे मिटले, आणि मी खोलीत जाऊन गटागटा पाणी प्यायले.

पंधरा दिवसांनी त्यांचं वजन केलं. तीन किलो उतरलं होतं.

"काका, जेवत नाही काय तुम्ही?"

शेजारचा कैदी म्हणाला, "सकाळचं कायबी खात नाईत, बाई. पानीबी नाई. दुपार होऊ लागली का नाश्ता देऊन टाकतात कोनाले."

"काहून?" मी विचारलं.

"गाठ अडकली त्या दिवशी भेलो, बाई," काका म्हणाले. "तुमाले तारीख सांगता येत नाई. तुमचं बी बरोबर हाय. मंग मीच रोज तयार राह्यतो."

औषधांच्या कपाटाआड उभी राहून मी रडले. सहा वर्षांत तेवढीच एकदा. माझ्या हुशारीची किंमत हा म्हातारा रोज सकाळी मोजत होता, आणि वर मलाच बरोबर म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी ट्रे घेऊन फिरताना त्यांच्यापुढे थांबले. ताटली बाजूला सारलेली होती.

"खा, काका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग ताटली ओढली आणि खाल्लं.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. खा, काका. नर्सनं म्हाताऱ्याला खा म्हटलं, यात कोणाला काय खटकणार? पण आम्हा दोघांना ठाऊक होतं. आज नाही, एवढंच मी सांगत होते. तारीख सांगत नव्हते, अशी मी माझी समजूत घातली होती. पकडली गेले असते तर नोकरी गेली असती, आणि ती रास्तच गेली असती.

मग ती सकाळ आली. उपम्याचा वास, दवानं ओली फरशी. मी एकेकाला गोळ्या देत त्यांच्यापर्यंत पोचले. ताटली त्यांच्या हातात होती. मी थांबले. काहीच न बोलता मी पुढे गेले.

चार पावलांवरून वळून बघितलं. काकांनी ताटली खाली ठेवली होती आणि ते घोंगडीची घडी घालत होते.

या खेपेला गार्ड आला, गाडीही आली. मला त्या दिवशी जेल सोडता आलं नाही. ऑपरेशन नीट झाल्याचा फोन दुपारी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन मी दवाखान्यात गेले. वॉर्डात काका खाटेवर होते, एका हाताला बेडी, शेजारी स्टुलावर पोलीस. तिथली सिस्टर वैतागलेली होती. "तुमचा माणूस कालपासून खात नाही. डॉक्टर खायला सांगून गेले, मी दहा वेळा सांगितलं. ही खिचडी केव्हाची पडलीय."

काका माझ्याकडे बघत होते. मी जवळ गेले. आधी हातातले कागद खाटेच्या कडेला ठेवले, आणि तेवढ्या वेळाचं माझं न बोलणंही त्यांनी वाचलं असावं, कारण ते हललेच नाहीत.

"खा, काका," मी म्हटलं.

त्यांनी मोकळ्या हातानं ताटली जवळ ओढली आणि खायला लागले.