राजमतीकाकूंचा राहिलेला शेवट

सांगलीचे हळदीचे व्यापारी जिनदत्त मगदूम यांच्या पत्नी राजमतीकाकू एक सिनेमा नऊ वर्षं पाहत होत्या. कुणाला हे खोटं वाटत असेल तर वाटो बापडं. पेठेतल्या कुणालाही विचारा.

सिनेमा होता एका हेराचा. एकोणीसशे सत्तरच्या डिसेंबरात तो सांगलीत लागला. डोंगरावरच्या बंगल्यात पाचजण जमलेले, त्यातला एक देशाशी फितूर, आणि त्याला हुडकायला आपला हेर स्वयंपाकी बनून आत शिरतो. पहिल्याच दिवशी त्याला कणीक मळताना बघून काकू भर थेटरात ओरडल्या होत्या, "अशी मळत्यात व्हय कणीक? सापडतोय आता मुडदा!" पण जीव जडला तो तेव्हाच.

अडचण होती घड्याळाची. खेळ तीन ते सहा. हिवाळ्यात सूर्य सहाला मावळतो, आणि मगदुमांच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर अन्नपाण्याला कुणी शिवत नसे. त्याआधी बारा माणसांच्या गरम भाकऱ्या व्हायला हव्यात. म्हणून सव्वापाचला, हेर पाचहीजणांना टेबलाभोवती बसवून "आता खरं बोलूया" म्हणाला की काकू उठायच्या. तीन वेळा गेल्या आणि तिन्ही वेळा तिथूनच उठून आल्या. जिनदत्तअण्णा मात्र पोटभर जेवून रात्रीचा खेळ निवांत बघून आले होते. बायकांनी दिवेलागणीनंतर थेटरात जायची त्या घरात रीत नव्हती.

पुढे सिनेमा साताऱ्याला गेला. तिथल्या बहिणीनं पत्र पाठवलं, ये म्हणून. काकू म्हणाल्या, "साताऱ्याला काय सूर्य आठ वाजता मावळतोय?"

शेवट कुणाकडून ऐकायचा, ही सोय होतीच की. पण काकूंना तो ऐकायचा नव्हता, बघायचा होता. शेजारच्या रंगूबाईनं एकदा नळावर तोंड उघडलं, "अवं, त्यो फितूर म्हंजी..." तर काकूंनी भरली घागर तिच्या पायावर ओतली. त्या दिवसापासून अख्ख्या पेठेनं ते गुपित पाळलं. अण्णांनीसुद्धा. एरवी पेठेत हळदीचा भाव सकाळी ठरला की दुपारपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक व्हायचा, हे लक्षात घेतलं म्हणजे काकूंचा दरारा कळेल.

त्यांनी स्वतःच तर्क लढवला. हळकुंड नुसतं नखानं खरवडून भेसळ ओळखणारी बाई ती, माणसाचा चेहरा का नाही ओळखणार? फितूर म्हणजे तो काठीवाला डॉक्टर. "कुणाच्या डोळ्याला डोळा देत न्हाई मेला." नऊ वर्षं भाकऱ्या थापता थापता त्यांनी त्या डॉक्टरला मनातल्या मनात शंभरदा पकडून दिला असेल. पण खात्री कुठं होती? ती हुरहुर जाता जात नव्हती. आता तर डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, आणि शेवट बघायचा राहूनच जाणार, अशी त्यांना खरोखरच धास्ती वाटू लागली होती.

एकोणऐंशीच्या डिसेंबरात पुतण्या धनपाल कुवेतहून आला. येताना त्यानं टीव्ही आणि व्हिडिओचं मशीन आणलं. पुस्तकाएवढी काळी कॅसेट काकूंच्या हातात ठेवून म्हणाला, "काकू, तुमचा हेर घरी आलाय." काकूंनी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली आणि त्यांना रडूच आलं.

पण हाताशी एकच दुपार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे धनपाल मशीन घेऊन सासुरवाडीला, पलूसला निघणार होता. शिवाय वीजकपातीचे दिवस. सहाला वीज गेली की ती नऊशिवाय येत नसे आणि आली तरी तिचा भरवसा नसे. तारा जोडता जोडता तीन वाजले. सोप्यात चाळीसेक माणसं दाटली. काकू सगळ्यांत पुढे, पडद्याला नाक लावून. शेजारी सून त्रिशला. ती सिनेमा पहिल्यांदाच बघत होती आणि श्वास रोखून बघत होती.

सव्वापाच झाले. हेर म्हणाला, "आता खरं बोलूया." आणि त्रिशला हळूच उठली. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं पदर खोचला, वाकून माणसांतून वाट काढली आणि उंबऱ्यात थांबून एकदा मागं वळून पाहिलं.

काकूंनी तिला पाहिलं. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसत नाही. काकूंना ती त्या दिवशी दिसली.

"धनपाल, थांबीव ते."

चित्र थबकलं. अण्णा म्हणाले, "अगं, वीज जाईल! तिला जाऊ दे, भाकरीचा वकुत झाला."

"आज भाकरी न्हाई," काकू म्हणाल्या. "आज घराचा उपास हाय."

"कसला उपास?"

"माझा. चातुर्मासात आठ-आठ दिस करतोय की आपुन. एक सांज न्हाई जेवली तर कोण मरत न्हाई."

"म्हंजी मीबी?"

"तुमीबी. पोरांनी दूध पिऊन घ्या, दिवस हाय तवर. त्रिशला, बस हितं."

 आपल्या घरात हे इतकं सोपं होतं, हे अण्णांना त्याच क्षणी कळलं असावं. धनपालनं बटण दाबलं.

डॉक्टर निर्दोष निघाला. फितूर होती ती त्या पाचजणांतलीच, सगळ्यांना प्रेमानं चहा देणारी गोड म्हातारी. काकू कपाळावर हात मारून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं बाई! नऊ वर्षं त्या गरीब डाक्टराला शिव्या घातल्या मी!"

अक्षरं वर सरकत होती तेवढ्यात वीज गेली. माणसं चाचपडत आपापल्या घरी पांगली. अण्णा पाण्याचा तांब्या शोधत होते, पण आता पाणीही उद्याच. काळोखात त्रिशला म्हणाली, "आत्ती, मला वाटलं तुमी मला जा म्हणशीला."

 काकू म्हणाल्या, "मलाबी तसंच वाटलं हुतं, पोरी."