आतून उसवलेली शिवण

टेलरबाईंना बोलायचं नसलं की त्या तोंडात टाचण्या धरायच्या. गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, मी सुटलेय का हो?" बाई टाचण्यांआडून नुसतं "हं हं" करायच्या आणि तिची पाठ वळली की ब्लाउज आतून बोटभर सैल करून ठेवायच्या. गिऱ्हाईक खूश, बाईही खूश.

मग त्यांची लेक सौंदर्यस्पर्धेत उतरली. तान्ही असताना बटणासारखी वाटोळी, म्हणून घरात ती गुंडी. स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "चेहरा गोड आहे गं, पण कंबर..." आणि पुढचं त्यांनी हातानेच दाखवलं. तेव्हापासून गुंडीचं ताट अर्ध्यावर आलं, मग नुसत्या काकडीवर. बाई रागावल्या, रडल्या.

"आई, तू तुझं मशीन बघ. यातलं तुला काय कळतंय?"

बाईंनी मशीनच बघितलं. गुपचूप स्पर्धेसाठी शिवलेल्या गाऊनची कंबर उसवली, सैल केली. पोरीला वाटेल झाले बारीक, आणि जेवेल एकदाची.

गुंडीने गाऊन चढवला, आरशापुढे गिरकी घेतली. "आई, सैल होतोय! म्हणजे जमतंय!"

त्या दिवसापासून काकडीही बंद.

बाई गाऊन पुढ्यात घेऊन बसल्या. पुन्हा घट्ट करावा तर 'वाढले' म्हणून उपाशी राहणार, तसाच ठेवावा तर 'जमतंय' म्हणून. कात्री हातात धरवेना.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी शेवटचं माप होतं. गुंडी स्टुलावर उभी. पोट फुगेल म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. बाई खाली बसून घेर टाचत होत्या.

"आई, दिवा का घालवलास?"

दुकानभर लख्ख ऊन होतं.

बाईंनी टाचण्या थुंकल्या आणि पडत्या पोरीला कवेत घेतलं. साटीनखाली हाताला फासळ्या लागल्या. "गुंडे! ए गुंडे! डोळे उघड ना गं!"

डोळे उघडले, पण नजर ठरेना. बाईंचा धीर सुटला. "तू बारीक झालीस म्हणून नाही सैल झाला गं तो. मीच उसवला. हे बघ." त्यांनी कंबरेची शिवण उलटून दाखवली. साटीनवर जुन्या टाक्यांची भोकं तशीच होती. "वाटलं, तू जेवशील."

गुंडी त्या भोकांवरून बोट फिरवत राहिली. "म्हणजे तू पण खोटंच."

"हो."

"मग आता खरं सांग. मी जाडी आहे?"

टाचण्या फरशीवर विखुरलेल्या. बाईंना तोंड लपवायला जागा नव्हती.

"नाहीस. आणि असतीस ना, तरी गाऊन तुझ्याच मापाचा शिवला असता मी."

"मग शीव. खऱ्या मापाचा."

"आधी पाणी पी."

गुंडीने पेला दोन्ही हातांनी धरला. कितीतरी वेळ नुसती पाण्याकडे बघत बसली. मग ओठांना लावला. तिच्या गळ्याची हालचाल दिसेपर्यंत बाईंनी श्वास घेतला नाही. आणि दिसली, तरी दुसऱ्या घोटासाठी पुन्हा रोखून धरला.